विश्लेषण : पुण्यातल्या नद्यांचे मासे जगाला सांगणारे कर्नल साइक्स कोण होते? त्यांच्या यादीतले किती मासे घरच्या छोट्या टँकमध्ये मावतील?

दोन फुटी काचेची पेटी, एक फिल्टर, एक दिवा आणि त्यात नेमके कोणते मासे सोडायचे, हा प्रश्न वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या अनेकांना पडतो. दुकानात सगळेच मासे दोन इंचांचे दिसतात आणि सगळेच गुण्यागोविंदाने पोहत असतात. घरी आणल्यावर महिन्याभरात कुणी कुणाचे पंख कुरतडतो, कुणी कुणाला गिळतो, तर कुणी इतका वाढतो की त्याला वळायलाही जागा उरत नाही. अलीकडे काही हौशी मंडळी परदेशी माशांऐवजी आपल्याच नद्या-ओढ्यांतल्या माशांचा विचार करू लागली आहेत. त्या माशांचा शोध घ्यायला बसले की एक नाव सतत समोर येते, ते म्हणजे कर्नल विल्यम हेन्री साइक्स. पेशव्यांविरुद्ध लढलेला हा इंग्रज अधिकारी पुढे पुणे परिसरातल्या माशांचा पहिला मोठा नोंदकार कसा झाला, आणि त्याने नोंदवलेल्या माशांचे आज काय झाले, याचा हा आढावा.

पासलीच्या पाण्याचा साइक्स यांच्याशी काय संबंध?

वेल्ह्याहून केळद आणि मढे घाटाकडे निघाले की वाटेत पासली लागते. मढे घाटाच्या कड्यावरून पलीकडे कोसळणारे पाणी कोकणात उतरते. अलीकडच्या बाजूला भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतले ओढे मात्र कानंदी, गुंजवणी, वेळवंडी अशा नद्यांना मिळतात. या नद्या नीरेला, नीरा भीमेला आणि भीमा कृष्णेला जाऊन मिळते. साइक्स यांचे मासे याच भीमेच्या खोऱ्यातले आहेत. मुळा-मुठा, घोड आणि खुद्द भीमा या नद्यांची नावे त्यांच्या नोंदींत पुन्हा पुन्हा येतात.

हे पाणी सपाटीवरच्या पाण्यापेक्षा वेगळे असते. पावसाळ्यात ओढा दगड-गोटे लोटत धावतो आणि उन्हाळ्यात त्याचे चार-दोन डोह उरतात. इथे टिकायचे तर माशाला एक तर दगडाला चिकटून राहता आले पाहिजे, नाही तर धारेविरुद्ध पोहता आले पाहिजे, नाही तर वाळूत घुसता आले पाहिजे. त्यामुळे सह्याद्रीच्या ओढ्यांत लहान चणीचे आणि विशिष्ट सवयींचे मासे दिसतात, तर खाली मोठ्या नदीत हातभर लांबीचे. टँकच्या दृष्टीने हा फरक कळीचा आहे.

लढाईवरून आलेला अधिकारी मोजदादीकडे कसा वळला?

साइक्स यांचा जन्म 1790चा. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशेबाने आठवी-नववीत असताना, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात दाखल झाले. 1805मध्ये लॉर्ड लेक यांच्या भरतपूरच्या वेढ्यात ते होते. पुढे त्यांनी मराठी आणि हिंदुस्थानी भाषा शिकून दुभाषाची पात्रता मिळवली. माशांच्या गोष्टीत हा तपशील महत्त्वाचा आहे. भाषा येत नसती, तर पुढची नावे त्यांच्या कागदावर उतरली नसती.

नोव्हेंबर 1817मध्ये खडकी आणि येरवडा इथे पेशव्यांच्या आणि कंपनीच्या फौजा भिडल्या. या लढायांत साइक्स कंपनीच्या बाजूने होते. त्यानंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही ते होते. 1818मध्ये पेशवाई संपली. 1820मध्ये ते युरोपात गेले, चार वर्षे हिंडले, 1824मध्ये लग्न केले आणि त्याच वर्षी परत आले.

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना नव्याने हाती आलेल्या मुलखाची नीट माहिती हवी होती. जमीन किती, पिके कोणती, माणसे किती, हवामान कसे, याचा हिशेब करण्यासाठी त्यांनी सांख्यिकी अहवालकार असे पद निर्माण केले आणि ऑक्टोबर 1824मध्ये साइक्स यांना त्यावर नेमले. हेतू उघडच सारा वसुलीचा आणि राज्यकारभाराचा होता. यात निव्वळ ज्ञानाची ओढ शोधणे भाबडेपणाचे ठरेल. पण साइक्स यांनी सरकारने मागितले त्याहून बरेच अधिक केले.

पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांत ते फिरले. लोकसंख्येची मोजदाद केली, जमीनधारणेच्या पद्धती नोंदवल्या, हवेचा दाब आणि पाऊस यांची निरीक्षणे टिपली. सोबत पक्षी, सस्तन प्राणी, कीटक आणि मासे जमवले. डिसेंबर 1829मध्ये सरकारने हे पदच रद्द केले. एखाद्याने गाशा गुंडाळला असता. साइक्स यांनी लष्करी कामावर परतण्याऐवजी रजा घेऊन जानेवारी 1831पर्यंत काम पूर्ण केले आणि मगच इंग्लंडची वाट धरली. 1833मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले.

माशांवरचा निबंध इतका महत्त्वाचा का?

पक्ष्यांची यादी त्यांनी 1832मध्येच प्रसिद्ध केली होती. तळ्याकाठी मासे टिपत बसणारी आपली ढोकरी, म्हणजे वंचक, शास्त्रीयदृष्ट्या नोंदवली ती त्यांनीच. माशांना वेळ लागला. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे निबंध मांडला गेला, त्याचा गोषवारा 1839मध्ये आला आणि पूर्ण निबंध चित्रांसह 1841मध्ये. त्यात 46 जाती होत्या आणि त्यांतल्या 42 विज्ञानाला नव्या आहेत, असा साइक्स यांचा दावा होता.

हा दावा पूर्ण टिकला नाही. यातल्या अनेक जाती फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातून 1822मध्येच नोंदवल्या होत्या, हे पुढे लक्षात आले. तरीही जी नावे उरली ती वाचताना मराठी माणसाला गंमत वाटेल. त्या काळी शास्त्रीय नाव लॅटिन किंवा ग्रीक शब्दांवरून किंवा एखाद्या बड्या व्यक्तीवरून ठेवण्याची पद्धत होती. साइक्स यांनीही काही माशांना ओळखीच्या इंग्रजांची नावे दिली. पण बऱ्याच माशांच्या बाबतीत त्यांनी नदीकाठी ऐकलेले नाव उचलले आणि लॅटिन चौकटीत जसेच्या तसे बसवले. खुद्री, मुसुल्ला, कोलस, पोटेल, बोगट, नुक्ता, सिंगटी, कुर्पा, ताकरी ही ती नावे. मासळीबाजारातली शिंगटी आणि खरपा इंग्रजी स्पेलिंगमधून फिरून जगभरच्या ग्रंथांत पोहोचले ते असे. यातली बहुतेक नावे आजही त्या माशांच्या अधिकृत शास्त्रीय नावांचा भाग आहेत. गावोगावी मात्र ती विसरली जात आहेत.

साइक्स यांचा भर वर्णनावर होता. पंखातले काटे किती, खवल्यांच्या रांगा किती, मिशा किती, तोंड वर उघडते की खाली, लांबी किती. कंटाळवाणी वाटणारी हीच माहिती आज टँक लावणाऱ्याच्या कामी येते.

माशाच्या तोंडावरून त्याची जागा कशी ओळखायची?

तोंड वरच्या बाजूला उघडणारा मासा पृष्ठभागावर पडलेले किडे टिपतो, म्हणजे तो टँकच्या वरच्या थरात राहणार. तोंड समोर असेल तर मधल्या थरात. तोंड खाली असेल, मिशा असतील, पोट चपटे असेल, तर तळाला. छोट्या टँकमध्ये तिन्ही थरांत थोडे थोडे मासे असले की गर्दी कमी वाटते आणि भांडणेही कमी होतात. सगळेच एका थरात कोंबले तर अर्धा टँक रिकामा आणि अर्धा तुंबलेला राहतो.

दुसरा निकष तोंडाच्या मापाचा. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो उद्या-परवा तिथे जाणारच. आपल्याकडे मत्स्यन्याय हा शब्द उगीच रूढ झालेला नाही. खरपा लहान असताना तळाशी गुपचूप बसलेला गरीब मासा वाटतो, पण तो शिकारी आहे आणि फूटभराच्या आसपास वाढतो. साइक्स यांच्या यादीत वामही आहे. वामची वीतभर पिल्ले दुकानांत नक्षीदार ईल म्हणून विकली जातात. पूर्ण वाढलेली वाम दोन-अडीच फुटांच्या पुढे जाऊ शकते. म्हणजे ती दोन फुटी टँकपेक्षा लांब होते.

तिसरा मुद्दा आकारमानाचा, आणि इथे एक लोकप्रिय हिशेब फसवा आहे. इतक्या लिटरला इतके इंच मासा, असे सूत्र बरेच जण वापरतात. त्या सूत्राने एक इंचाचे दहा मासे आणि दहा इंचांचा एक मासा सारखेच ठरतात. प्रत्यक्षात लांबी दहापट झाली की उंची आणि जाडीही साधारण त्याच प्रमाणात वाढते, म्हणजे वजन हजारपट होते. दहा इंचांचा तो एक मासा एक इंचाच्या दहा माशांच्या मिळून सुमारे शंभरपट वजनाचा असतो. तो खाणार आणि घाण करणार तीही त्याच बेताने. ही घाण म्हणजे मुख्यतः अमोनिया. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच रविवारी वीस मासे सोडले तर पुढच्या रविवारी त्यातले बरेच वर तरंगतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

मग दोन फुटी टँकमध्ये काय ठेवता येईल?

60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 30 उंच टँकमध्ये काठोकाठ 54 लिटर पाणी मावते. वाळू-दगड टाकल्यावर चाळीस-पंचेचाळीस लिटरच उरते. काच आणि वाळू धरून वजन सत्तर किलोंच्या घरात जाते, तेव्हा प्लायवूडच्या हलक्या कपाटावर तो ठेवू नये.

एवढ्या जागेत टिक्टो बार्बसारख्या दोन इंची माशांचा सात-आठचा थवा आणि तळाला वाळूत घुसणाऱ्या लहान लोचचा चार-पाचचा गट, इतके पुरे. दोन्ही कळपाने राहणारे मासे आहेत. एकेक नमुना जमवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण एकटा मासा बावरतो किंवा इतरांना त्रास देतो. डॅनिओ दिसायला देखणे, पण ते सतत पोहणारे आणि पाण्याबाहेर उडी मारणारे. त्यांना तीन फुटी टँक आणि घट्ट झाकण हवे. डोंगरी ओढ्यातले लोच थंड, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातले असतात. त्यांना पंपाची धार लागते आणि मे महिन्यातल्या पुण्याच्या उकाड्यात ते आधी दगावतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढल्याशिवाय ते टँकमध्ये ओतू नये, हे वेगळे सांगायला नको.

साइक्स यांच्या यादीतले खुद्री, मुसुल्ला, कोलस, शिंगटी यांना घरच्या टँकमध्ये जागा नाही. पिल्लू कितीही गोंडस असले तरी नाही. आणि लहान मासेही ओढ्यातून पकडून आणण्यापेक्षा टँकमध्येच पैदास झालेले घ्यावेत. उन्हाळ्यात डोह आटलेला असताना जाळे टाकले, तर पुढच्या पावसाळ्यात प्रजनन करणारे मासेच आपण उचलून नेतो.

एका नावाचा घोळ पावणेदोनशे वर्षे कसा चालला?

साइक्स यांच्या कामातली मोठी उणीव अशी की त्यांनी वर्णन केलेल्या अनेक जातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. उरली ती वर्णने आणि चित्रे. मुसुल्ला या नावाचे त्यामुळे भलतेच झाले. साइक्स यांचा मुसुल्ला घाटमाथ्याच्या पूर्वेकडच्या नद्यांमधला. पुढच्या काळात हे नाव दक्षिणेत कावेरीच्या खोऱ्यात मिळणाऱ्या एका अवाढव्य, पाठीवर कुबड असलेल्या महसीरला चिकटले. गळ टाकून मासे पकडणाऱ्यांमध्ये तो जगप्रसिद्ध होता, वजन पन्नास किलोंच्या पुढे जाई. अलीकडच्या संशोधकांनी साइक्स यांचे वर्णन पुन्हा तपासले आणि त्यांचा मुसुल्ला महसीर नसून वेगळ्याच वंशातला मासा आहे, असे दाखवले. मग कावेरीचा तो कुबडवाला कोण? 2018मध्ये त्याची ओळख टोर रेमादेवी या जातीशी पटली, आणि त्याच वर्षी त्याची नोंद जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. नाव नीट नसल्याने इतका मोठा प्राणी संवर्धनाच्या यादीबाहेर राहिला होता.

यात आणखी एक पेच आहे आणि तो पुन्हा साइक्स यांच्यापाशी येतो. खुद्री महसीर त्यांनी पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून नोंदवला. हा मासा पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतो, त्यामुळे धरणे झाली तशी त्याची वाट अडत गेली. 1970च्या दशकात लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत तलावांजवळ त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. प्रयोग यशस्वी झाला आणि लाखो पिल्ले देशभरच्या नद्या-तलावांत सोडली गेली, कावेरीतही. तिथे हा पुणेरी महसीर चांगलाच फोफावला. कावेरीतल्या मूळ कुबडवाल्या महसीरच्या ऱ्हासामागे खुद्रीची ही आयात हे एक प्रमुख कारण असल्याचे अभ्यासकांनी मांडले आहे. सोबत कोण राहू शकतो, हा प्रश्न टँकमध्ये चुकला तर दहा मासे जातात. इथे तो एका नदीच्या बाबतीत चुकला, आणि तोही माशांचे भले करायला निघालेल्या माणसांकडून.

इंग्लंडला परतल्यावर साइक्स यांनी काय केले?

त्यांची कारकीर्द वाचताना दमायला होते. 1834मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, 1838मध्ये दख्खनच्या चार जिल्ह्यांचा सांख्यिकी अहवाल, 1840मध्ये कंपनीच्या संचालक मंडळावर निवड, 1856मध्ये तिचे अध्यक्षपद, 1857पासून मृत्यूपर्यंत ॲबरडीनचे खासदार. रॉयल एशियाटिक सोसायटी आणि लंडनची सांख्यिकी संस्था यांचेही ते अध्यक्ष होते. चीनमधल्या तैपिंग बंडात ब्रिटनने हस्तक्षेप करू नये, अशी बाजू त्यांनी संसदेत लावून धरली. वातावरणाचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञांना बलूनमधून वर पाठवण्याचा उपक्रम ज्या समितीने चालवला, तिचेही ते प्रमुख. दख्खनमध्ये हवेचा दाब मोजत फिरलेल्या माणसाला ते शोभून दिसले.

याच काळात लंडनमध्ये टँकचा छंद जन्माला येत होता. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने 1850मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. बारा गॅलनच्या भांड्यात त्याने दोन छोटे गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया नावाची पाणवनस्पती आणि काही गोगलगाई ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देई, गोगलगाई कुजकी पाने खात आणि पाणी स्वच्छ राही. मासे दोनच होते, ही बाब आजच्या दुकानदारांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. 1853मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले गेले. ते चालवणारी संस्था म्हणजे तीच झूऑलॉजिकल सोसायटी, जिच्यापुढे साइक्स यांचे दख्खनचे मासे मांडले गेले होते.

साइक्स 16 जून 1872 रोजी लंडनमध्ये वारले. त्याच वर्षी फ्रान्सिस डे यांनी पुण्यातून एका छोट्या लोचची नवी जात नोंदवली, एव्हझार्डी. 1942मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी पुन्हा केली आणि त्यानंतर स्थानिक अभ्यासकांनी मुळा, मुठा, कृष्णा अशा नद्या पुन्हा पुन्हा तपासल्या. साइक्स यांची यादी या सगळ्यांना जुन्या सातबाऱ्यासारखी उपयोगी पडली. पूर्वी काय होते आणि आता काय नाही, हे तिच्यावरून ताडता येते.

आज त्या नद्यांत काय दिसते?

शहरातून वाहणाऱ्या मुळा-मुठेत सांडपाण्यात तग धरणारे मासे उरले आहेत. नाकावर विचित्र उंचवटा असलेला नुक्ता जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. उलट तिलापिया, गप्पी, गंबुशिया आणि आफ्रिकन मांगूर हे बाहेरचे मासे राज्यभर पसरले. भीमेच्या उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सकर अडकतो. काच साफ करणारा मासा म्हणून दुकानात विकला जाणारा, अंगावर काटेरी कवच असलेला हाच तो दक्षिण अमेरिकी मासा. तो खाण्यासाठी विकला जात नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. टँकमध्ये मोठा झाला म्हणून कुणी तरी तो दया दाखवून पाण्यात सोडतो आणि पुढचे काम तो स्वतः करतो.

घरी मावेनासा झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठा टँक असलेल्या हौशी माणसाकडे सोपवावा. भोर-वेल्ह्याच्या वरच्या ओढ्यांबाबत तर जास्तच काळजी हवी, कारण पासलीच्या वरच्या अंगाला ओढ्यात सुटलेला मासा पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्याबरोबर नीरेकडे निघालेला असतो.